पहिलं अक्षर बदलणारी भाषा

आमच्या कॉलनीत परीक्षा आल्या की मला ते टीव्हीच्या आवाजावरून कळतं. एरवी भिंतीपलीकडून मालिकांमधली भांडणं स्पष्ट ऐकू येतात. मार्च लागला की ती कुजबुजीत होऊ लागतात. जिन्यात, गच्चीवर, टाकीच्या सावलीत मुलं पुस्तकं घेऊन बसलेली दिसतात. कडुनिंब फुललेला असतो. त्याची बारीक पांढरी फुलं पडून पडून पायऱ्या भरून जातात, आणि दुपारी वारा सुटला की तो गोडसर कडवट वास थेट स्वयंपाकघरात येतो. चिकलठाण्याला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की मुलं कानांवर हात ठेवतात. ओठ मात्र हलत राहतात. पाठांतर थांबत नाही.

यंदाही सगळं तसंच आहे. आणि हा वास आला की मला माझ्या शाळेतले मार्च आठवत नाहीत. आठवतो तो एकच मार्च, निवृत्तीनंतरचा पहिला. त्या मार्चात मी या खिडकीपाशी बसून अशा एका भाषेचं व्याकरण शिकले, जी बोलणारं माणूस मी जन्मात पाहिलेलं नाही.

मी मराठीची बाई. सगळी नोकरी व्याकरण शिकवण्यात गेली. समास, प्रयोग, संधी, विभक्ती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी यायचे तेव्हा सुजाताचे पप्पा हसायचे. म्हणायचे, ‘‘आली बघ तुझी सासरची माणसं.’’ मी लाल पेन घेऊन बसले की ते स्वतः चहा करायचे, आणि चहा खाली ठेवताना वरच्या पेपरातलं एखादं वाक्य मोठ्यानं वाचायचे. ते एका हिवाळ्यात गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. त्यामुळे तो मार्च आला तेव्हा गठ्ठेही नव्हते आणि ते गठ्ठे बघून हसणारं माणूसही नव्हतं. दुपारच्या वेळी घर इतकं शांत असायचं की फ्रिज बंद पडल्याचंही कळायचं.

सुजाता माझी एकुलती एक मुलगी. तिला तेव्हा इंग्लंडला जाऊन दोन हिवाळे झाले होते. इथं नर्सिंग केलं, शहरातल्या एका दवाखान्यात काम केलं, मग तिकडच्या एका केअर होममध्ये नोकरी लागली. म्हाताऱ्या माणसांचं घर ते. तिथं तिनं त्यांना उठवायचं, भरवायचं, अंघोळ घालायची. ती गेली तेव्हा आमच्या शहराचं नाव बदलायचं होतं. अजूनही ती जुन्या नावानं विचारते, मी नव्या नावानं सांगते, आणि दोघींच्या डोळ्यांपुढं गाव एकच असतं.

रोज फोन यायचा. तिची सकाळची सुट्टी म्हणजे माझी चहाची वेळ.

‘‘जेवलीस का?’’

‘‘जेवले. तू?’’

‘‘आता खाते. गोळी घेतली?’’

‘‘घेतली.’’

एवढं झालं की दोघी गप्प. पप्पा होते तेव्हा बोलणं त्यांच्यातून जायचं. ती त्यांना काहीबाही सांगायची, ते मला सांगायचे, मी मधूनच बोलायचे. आता तो मधला माणूस नव्हता. मायलेकी असून आम्हाला बोलायला विषय सापडेना. पडद्यावर तिचा चेहरा दिसायचा, मागं पांढरी भिंत. ती माझ्या मागची भिंत बघायची. मग कुणीतरी ‘ठेवू का?’ म्हणायचं.

अशाच एका दुपारी ‘ठेवू का’ म्हणायच्या ऐवजी ती म्हणाली, ‘‘आई, एक विचारू? तू भाषेची बाई आहेस म्हणून.’’

‘‘विचार की.’’

‘‘इथं एक म्हातारी आहे. नोरा. लई जीव घाबरा करती ती माझा.’’

नोरा आयर्लंडची. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यातून तरुणपणीच इंग्लंडला कामाला गेली, तिथंच लग्न केलं, तिथंच म्हातारी झाली. जन्मभर इंग्रजी बोलली. मग मेंदूला झटका आला आणि इंग्रजी पुसलं गेलं. उरली ती लहानपणची घरची भाषा, आयरिश. ती समजणारं त्या घरात कुणीच नव्हतं. नर्सेस केरळच्या, पोलंडच्या, आमची सुजाता आजोळच्या, सोयगावच्या मातीतली. मॅनेजरबाई इंग्रज. नोराचा मुलगा ऑस्ट्रेलियात, आणि त्याला त्याच्या आईनं ती भाषा शिकवलीच नव्हती.

‘‘दुपारचा चहा झाला की ती उठती,’’ सुजाता सांगत होती. ‘‘काठी न घेता. दाराकडं निघती. आडवलं की ओरडती. दोनदा पडली, कपाळ फुटलं. आता डॉक्टर म्हणायलेत, झोपेचं औषध वाढवा. मॅनेजर म्हणती, वरच्या मजल्यावर न्या, तिथं दारं कुलुपात असतात. आई, तिथं गेलेलं माणूस पुन्हा खाली येत नाय.’’

‘‘ती ओरडते काय पण?’’

‘‘एकच. सारखं एकच. ‘ता मॅम एग अ न्याता.’ मॅम मॅम करती म्हणजे मलाच बोलवत असंल. आणि न्याता. आधी मला वाटलं, नातीला बोलावती.’’ ती हसली. ‘‘तिला नात नाय. मग न-नं सुरू होणारं सगळं देऊन बघितलं. नाइटी, नॅपकिन, न्यूजपेपर. ढकलून देती. फोनमधी तिच्या भाषेची डिक्शनरी काढली, न खाली सगळं बघितलं. तसा शब्दच नाय.’’

त्या दिवशी आमचं बोलणं पहिल्यांदा लांबलं. फोन ठेवल्यावरही मी तो शब्द तोंडात घोळवत राहिले. न्याता. न्याता. रात्रीचं पिठलं करतानासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर शोधत बसले. आयरिश भाषेचं एक प्राथमिक व्याकरण सापडलं, इंग्रजीतून समजावलेलं. पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर माझ्याच्यानं वाचवेना. मला कागद लागतो. कडेला पेन्सिलीनं लिहायला जागा लागते. म्हणून रिक्षानं शहागंजला गेले. तिथं घड्याळाच्या मनोऱ्यामागं एक झेरॉक्सवाला आहे, शाळेच्या प्रश्नपत्रिका पूर्वी त्याच्याकडंच काढायचो. त्यानं पानं काढता काढता एक उचलून उजेडात धरलं.

‘‘बाई, ही कोणती भाषा?’’

‘‘आयरिश.’’

‘‘परदेशात चालल्या का?’’

‘‘नाही रे.’’

‘‘मग?’’

मी पानांना पिन मारून घेतली आणि परत आले. येताना रिक्षात पानं उडू नयेत म्हणून मांडीवर दाबून धरली होती, आणि पुष्कळ दिवसांनी मांडीवर कागदाचं वजन होतं.

तो आठवडा आठवतो. शेजारच्या नफीसाआपा गच्चीवर मिरच्या वाळत घालायला आल्या, तर मी टाकीच्या सावलीत त्या शाळकरी पोरांच्या शेजारी सतरंजी टाकून बसलेली. ‘‘क्या पढरे जी बाई? रिटैर हुए बाद इम्तेहान देरे क्या?’’ मी म्हटलं, ‘‘हौ आपा, समझो इम्तेहानच है.’’ त्यांनी मिरच्या पसरल्या, माझ्याजवळ क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘अच्छा है. दिल लगा रहता.’’ त्यांचाही मुलगा आखातात असतो.

ती भाषा अवघड होती. ‘ब’ला ‘ह’ जोडलेला दिसला म्हणून मी ‘भ’ वाचायची, तर तो ‘व’ निघायचा. क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच यायचं. आमच्या मराठीत सगळं सांगून झाल्यावर शेवटी क्रियापद येऊन दार लावतं. तिथं ते आधीच दार उघडून उभं. ‘ता’ म्हणजे ‘आहे’ हे मला दुसऱ्याच दिवशी सापडलं. म्हणजे नोरा काहीतरी ‘आहे’ असं सांगत होती. मागत नव्हती. हे मी सुजाताला कळवलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘आणि आम्ही तिला वस्तू देऊ देऊ दमलो.’’

मग ते प्रकरण आलं. नामाच्या आधी येणारे छोटे शब्द. आपण ज्यांना विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्ययं म्हणतो आणि नामाच्या मागं जोडतो, ती तिथं नामाच्या आधी येतात. ‘घरात’मधला ‘त’ तिथं घराच्या आधी उभा. एवढं ठीक होतं. पण पुढं लिहिलं होतं की हा छोटा शब्द आला की नामाचं पहिलं अक्षरच बदलतं.

मी पेन्सिल खाली ठेवली.

आपल्याकडे काय होतं? पाणी, पण पाण्यात. घोडा, पण घोड्यावर. माणूस, पण माणसाला. कुणीतरी जवळ आलं की आपलं नाम वाकतं, पण शेवटाकडं वाकतं. चेहरा तोच राहतो. ‘पाण्यात’ ऐकलं की कुणालाही पाणी ओळखू येतं. सामान्यरूप शिकवताना मी हे हजारदा सांगितलं असेल. त्या लोकांच्या भाषेत मात्र जवळ आलेला शब्द चेहऱ्यालाच हात लावतो. ज्याला मूळ नाम माहीत नाही, त्यानं ते शोधायचं कुठं? शब्दकोशात तर नाम एकटं असतं, कुणीही जवळ नसलेलं, अगदी स्वतःसारखं.

त्या दुपारी मला हेही वाटलं की मीसुद्धा तशीच झाले आहे. कुणाची बाई नाही, कुणाची बायको नाही. आई आहे ती फोनपुरती. शब्दकोशातल्यासारखी एकटी आणि स्वच्छ. मग चहा केला आणि पुन्हा वाचायला बसले.

खाली कोष्टक होतं. कुठलं अक्षर बदलून काय होतं त्याचं. इंग्रजी अक्षरांत होतं म्हणून आधी काही दिसलं नाही. सवयीनं मी शेजारी देवनागरीत लिहीत गेले. ‘प’चा ‘ब’ होतो. ‘त’चा ‘द’. ‘क’चा ‘ग’. मग ‘ब’चा ‘म’. ‘द’चा ‘न’. ‘ग’चा ‘ङ’.

लिहून झालं आणि मी बघतच राहिले. हे तर आपलं वर्णमालेचं कोष्टक होतं. प फ ब भ म. त थ द ध न. क ख ग घ ङ. पहिल्या अक्षराचं तिसरं होत होतं, तिसऱ्याचं पाचवं. आपापल्या वर्गातून एकही अक्षर बाहेर जात नव्हतं. अप् आणि ज मिळून अब्ज, वाक् आणि मय मिळून वाङ्मय, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. मागच्या बाकावरची मुलं विचारायची, ‘‘बाई, हा ङ कशाला आहे? ह्याच्यापासून एकपण शब्द नाही.’’ मी म्हणायची, आहे तसा पाठ कर. आणि इथं, समुद्रापलीकडं, लोक त्याच ङ पासून शब्द सुरू करत होते. माझ्या अंगावर काटा आला. सांगायला कुणी नव्हतं. मी उठून स्वयंपाकघरापर्यंत गेले, परत आले, खुर्चीत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘‘अहो, ऐकलंत का?’’

पण मग माझ्या लक्षात आलं. न्याता. तो न मूळचा न नसेलच. सुजाता न खाली शोधत होती, आणि शब्द दुसरीकडंच कुठंतरी बसला असेल. न हा ‘द’चा झालेला असेल, नाहीतर ‘ग’चा ङ होऊन तिला कानाला न लागला असेल.

व्याकरणाच्या शेवटी शब्दांची यादी होती, तिथं आधी द खाली शोधलं. जुळणारं काही नव्हतं. मग ग खाली. पानं सरकवत गेले आणि थांबले. ग्याता. त्याच्यापुढं अर्थ लिहिला होता. गेट.

गेट. फाटक. दारातलं साधं गेट. इंग्रजीतूनच त्यांच्या भाषेत शिरलेला शब्द. त्या केअर होममधल्या प्रत्येकाला तो येत होता. आमच्या कॉलनीच्या वॉचमनलाही येतो. पण ‘गेटपाशी’ म्हणताना पहिलं अक्षर बदललं आणि इंग्रजी बोलणाऱ्या घरात कुणालाच तो ओळखू आला नाही.

आता ‘मॅम’ उरला होता. तो शोधायला वेळ लागला नाही. तो कुणाला मारलेली हाक नव्हता. त्यांच्याकडं पोरं आईला मॅम म्हणतात.

मी सुजाताला फोन लावला. ड्युटीवर होती, उचलला नाही. पुन्हा लावला नाही. गच्चीवर जाऊन नफीसाआपांच्या मिरच्या काढून ठेवल्या, खाली आले, कणीक मळली. शेवटी तिचाच फोन आला.

‘‘काय झालं आई? बरी आहेस ना? एवढ्या दुपारी कधी फोन करत नाय तू.’’

‘‘बरी आहे. सुजे, ऐक. न्याता म्हणजे गेट.’’

‘‘काय?’’

‘‘गेट. आणि मॅम म्हणजे आई. ती म्हणतेय, आई गेटपाशी आहे.’’

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘‘सुजे?’’

‘‘ऐकायले,’’ ती म्हणाली. आवाज बदललेला होता. ‘‘तिची आई गेटवर येऊन थांबलीय. आणि आम्ही तिला खुर्चीत बसवायलोत.’’

दुसऱ्या दिवशी सुजातानं मॅनेजरबाईंना सांगितलं, मी तिला गेटपर्यंत नेते, बघू काय होतं. त्या म्हणाल्या, पडली तर? सुजाता म्हणाली, ती पडती कारण आपण तिला ओढतो. बाई तयार झाल्या, म्हणाल्या, फक्त आज. चहा झाला. नोरा उठली. सुजातानं तिला कोट घातला, दंडाला धरलं, आणि आडवण्याऐवजी तिच्याबरोबर चालू लागली. ओरडणं झालं नाही. दोघी दाराबाहेर पडल्या, बागेतल्या फरशीवरून हळूहळू गेल्या. गेट लोखंडी, रंग उडालेलं. नोरानं गजांना धरलं आणि रस्त्याकडं बघत उभी राहिली. समोर बसस्टॉप होता, शाळेतून सुटलेली पोरं होती. बाकी कुणी नव्हतं.

‘‘ती काय म्हणाली?’’ मी विचारलं.

‘‘फॅन फॅन म्हणाली. आई, एवढी थंडी आणि हिला फॅन पाहिजे? मी म्हणलं आत चल. तर हात धरून ठेवला माझा.’’

मी पानं उलटली. या वेळी अक्षर बदललेलं नव्हतं, शब्द जागेवर सापडला.

‘‘फॅन म्हणजे थांब,’’ मी म्हटलं.

त्या दिवसापासून सुजाता थांबायला लागली. ती ड्युटीवर असेल त्या दिवशी चहानंतर दोघी गेटपाशी जायच्या. नोरा बघायची, कधी काहीतरी पुटपुटायची, आणि मग आपणहून वळायची. आत येऊन खुर्चीत बसायची आणि शांत झोपायची. पडणं थांबलं. वरच्या मजल्याचा विषय मागं पडला. सुजाताची सुट्टी असली की पोलंडची मुलगी न्यायची. तिनंही ‘फॅन’ शिकून घेतलं होतं.

आणि आमचे फोन! तो मार्च संपला, एप्रिल आला, कॉलनीत जयंतीची तयारी सुरू झाली, विहारापासून चौकापर्यंत निळे झेंडे लागले, आणि मी खिडकीपाशी बसून इंग्लंडला शब्द शिकवत होते. दूध, चमचा, पाऊस, पाय दुखतोय का. सुजाता तिथून विचारायची, ‘‘आई, त्यांची खुर्ची क पासनं. ‘खुर्चीवर’ म्हणलं की त्या क चं काय होतं?’’ मी म्हणायची, ‘‘वर्ग सोडायचा नाही. क पासून मोज. तिसरं.’’ ‘‘ग.’’ ‘‘शाब्बास.’’ शाळेत असताना ती माझ्या तासाला कधी बसली नाही. तिची शाळा वेगळी, माझी वेगळी. घरी शिकवायला घेतलं की रडायची. आता सात समुद्रांपलीकडं निळ्या गणवेशात उभी राहून ती क चा ग करत होती आणि बरोबर आलं की लहान मुलीसारखी खुदकन हसत होती. तिचे सोयगावकडचे उच्चार ऐकून नोराही हसायची म्हणे. तोंडात दात नाहीत, आवाज नाही, फक्त खांदे हलायचे.

माझे उच्चार मात्र सोयगावचे राहिले नव्हते. मीही तिथलीच, पण शिक्षिका व्हायचं म्हणून आधी स्वतःचीच जीभ घासूनपुसून घेतली. ‘लई’ टाकलं, ‘व्हय’ टाकलं, ‘नाय’ टाकलं. पुढं जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांचंही तेच केलं. सुजातानं ती भाषा आजोळी सुट्ट्यांत उचलली आणि सोडली नाही. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मला वाटलं, नोरासारखं माझंही झालं तर? पुस्तकातलं सगळं पुसलं गेलं तर उरेल ती कोणती भाषा? सोयगावच्या गल्लीत माझी आई ज्या भाषेत हाक मारायची तीच उरेल. आणि तेव्हा ती ऐकायला कोण असेल?

कारण त्याच दिवसांत सुजाता म्हणायला लागली होती, ‘‘आई, तू इकडंच ये आता. एकटी काय करतीस तिथं?’’

‘‘बघू,’’ मी म्हणायची.

तिला माझी भीती सांगितली नाही. सांगितली असती तर म्हणाली असती, मी आहे ना. आणि ते खरंच होतं. पण मुलगा तर नोरालाही होता, आणि तो तिच्या भाषेवाचूनच मोठा झाला होता.

मेच्या अखेरीस नोराला न्यूमोनिया झाला. गेटवर जाणं थांबलं. सुजाता खिडकीचा पडदा सरकवून तिला कुशीवर करायची, म्हणजे बाहेरचं दिसेल. मग एक दिवस सुजाताचा फोन चहाच्या वेळेच्या आधीच आला. पडद्यावर चेहरा आला नाही, फक्त आवाज.

‘‘गेली.’’

‘‘तू होतीस?’’

‘‘व्हते. हात धरून बसले व्हते.’’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘मी तिला फॅन म्हणलं आई. पण ती थांबली नाय.’’

मी म्हटलं, ‘‘रड बाळा.’’ आणि ती रडली. पप्पा गेले तेव्हा तिला वेळेत येता आलं नव्हतं. अंत्यविधी तिनं फोनवर बघितला होता आणि तेव्हा रडली नव्हती. मी फोन कानाला लावून बसून राहिले. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, परीक्षा कधीच संपल्या होत्या.

अंत्यविधीला माणसं थोडीच असणार होती. मुलगा ऑस्ट्रेलियातून पडद्यावर. मॅनेजरबाईंनी सुजाताला विचारलं, तू दोन शब्द बोलशील का, तिच्या भाषेत. सुजातानं मला विचारलं. ‘‘आई, एक वाक्य दे. सोपं दे. मला जमंल असं.’’

मी दोन दिवस घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली, पण एवढी भीती कधी वाटली नव्हती. शेवटी ठरवलं: नोरा घरी आहे. एवढंच. मराठीत ‘घर’ला नुसती वेलांटी दिली की ‘घरी’ होतं. तिथं घर म्हणजे ‘बाल्य’. त्याच्याआधी ‘आत’ अशा अर्थाचा ‘सा’ आला की ‘ब’चं काय करायचं, ‘म’ की ‘व’? नियमाला अपवाद, अपवादाला अपवाद. पानं पुन्हा पुन्हा बघितली. ‘व’च होता. ‘ता नोरा सा वाल्य.’ तिला दहा वेळा म्हणायला लावलं.

अंत्यविधीच्या दिवशी मी पांढरी साडी नेसून फोनजवळ बसले. का ते माहीत नाही, मला तर कुणी बघणार नव्हतं. संध्याकाळी सुजातानं सगळं सांगितलं. खोलीत पाचसहाजण. पेटी लाकडी, साधी. ती पुढं गेली आणि वाक्य म्हणाली. कुणालाच कळलं नाही. बरोबर आहे की चूक हे सांगू शकणारं एकच माणूस त्या खोलीत होतं आणि ते पेटीत होतं.

मग पडद्यावरून मुलानं विचारलं, याचा अर्थ काय? सुजातानं सांगितला. तो पडद्याजवळ सरकला. साठीतला माणूस, टक्कल पडलेला, मागं खिडकीबाहेर रात्रीचा अंधार. मग म्हणाला, पुन्हा म्हणाल का? ती पुन्हा म्हणाली. त्यानं तिच्यामागून म्हणून बघितलं. ‘ता नोरा सा बाल्य.’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मी म्हणलं, ब नाय, व.’’

‘‘सगळ्यांसमोर?’’

‘‘व्हय. तोंडातून निघूनच गेलं. तुझ्यासारखं.’’ ती हसली आणि तिचा आवाज कापला. ‘‘त्यानं वाईट नाय वाटून घेतलं. त्यानं पुन्हा म्हणलं. आई, या वेळी बरोबर म्हणला तो. आणि मग म्हणतच राहिला. पडदा बंद होईस्तोवर.’’

मग ती म्हणाली, ड्युटीला जायचंय, आणि मी म्हटलं, जा. फोन ठेवला. बाहेर अजून उजेड होता. मी उठले नाही. नोराचा मुलगा तिकडं जे म्हणत होता, ते मीही एकदा रिकाम्या घरात हळूच म्हणून बघितलं, आणि ‘घरी आहे’ म्हणणाऱ्या माझ्याच आवाजानं दचकले.